डावीकडची सीट

गुणाजीचा हिशेब सरळ होता. पिकअपच्या पुढच्या दोन सिटा बदलल्या तर आपल्याला काय काय मिळेल, हे त्याने आंघोळ करताना, गाडी पुसताना आणि बायको बोलत असताना ऐकल्यासारखं करून मनात पक्कं घोळवून ठेवलं होतं. पहिली म्हणजे त्याची स्वतःची कंबर. जुन्या बाकड्याच्या स्प्रिंगा वर आल्या होत्या. त्यांच्यावर त्याने सिमेंटची रिकामी गोणी, गोणीवर उशी आणि उशीवर पुन्हा गोणी असे थर चढवले होते, तरी पेणहून रोह्याला जाऊन आला की तो घरात भिंत धरून चालायचा. कंबर दुखत होती हे खरं, पण नुसत्या कंबरेसाठी गुणाजीने गाठीचं काही सोडलं असतं, यावर त्याच्या बायकोचासुद्धा विश्वास बसला नसता. मोठा फायदा दुसराच होता, आणि तो हमरापुरात बसला होता.

हमरापुरात दिनानाथचा गणपतीचा कारखाना. प्लास्टरच्या मूर्ती पेंढ्यात बसवून गाडीच्या मागच्या हौद्यातून जात. त्यांना कुठलाही टेम्पोवाला चालायचा. शाडूची मूर्ती मात्र नाजूक. नुसती वाळलेली माती ती, एका खड्ड्यात हौद्याला आपटली की सोंड तरी जाणार नाहीतर हात. म्हणून शाडूचा गणपती पुढे बसून जातो, घरच्या माणसाच्या मांडीवर, तोंडावर रुमाल घेऊन. आणि कारखान्यात एकदा मांडीवर घेतला की तो घरच्या उंबऱ्यापर्यंत खाली ठेवायचा नाही. गाडी बंद पडो, पायांना मुंग्या येवोत, वाटेत चहाची तल्लफ येवो. हे कुठे लिहिलेलं नाही, पण मोडलेलं कोणी पाहिलेलं नाही.

त्यामुळे दिनानाथ गाडी ठरवताना इंजिन बघत नसे, सीट बघत असे. गेल्या साली तो गुणाजीच्या गाडीत बसून उठला तेव्हा त्याच्या पॅन्टला मागून खिडकी पडली होती.

"गुणाजी," तो म्हणाला, "तुझ्या गाडीत देव बसवायचा म्हणजे त्याला आधी धनुर्वाताचं इंजेक्शन द्यायला लागंल."

कारखान्यातली रंगवणारी पोरंबाळं, बाया सगळी हसली. गुणाजीही हसला, कारण शाडूच्या मूर्ती ज्याच्या गाडीतून जातात त्याच्याच गाडीतून पुढे वर्षभर प्लास्टरच्या गोण्या, काथ्या आणि रंगाचे डबे येतात, हे त्याला ठाऊक होतं. वर्षभराच्या कामापुढे एक हसू काय जड?

तर हे मिळायचं होतं: कंबर, शाडूचे गणपती आणि वर्षभराचा दिनानाथ. घालायचं होतं ते कमीत कमी. म्हणून नव्या सिटांच्या दुकानापुढून दोनदा नुसता हळू गाडी नेऊन तो रोह्याला इद्रीसकडे गेला.

इद्रीस बरीच वर्षं कुवेतला गॅरेजात होता. परत आल्यावर त्याने गावाबाहेर पत्र्याचं कुंपण घालून मेलेल्या गाड्यांचं आवार मांडलं. दारं एकीकडे, आरसे एकीकडे, सिटा शेडखाली. त्याला एक खोड होती. वस्तू कुठल्या गाडीची, ते गिऱ्हाइकाने विचारो न विचारो, तो सांगायचा. धंदा करणाऱ्याला ही खोड परवडत नाही असं गुणाजीचं मत होतं. पण इद्रीसचं घर दुमजली होतं आणि गुणाजीचं नव्हतं, तेव्हा त्याने ते मत स्वतःपाशी ठेवलं होतं.

गुणाजीने सगळ्या सिटांवर बसून पाहिलं. एका जोडीवर बसला तो उठेचना.

"ही बांध, इद्रीसभाय."

"आधी ऐक," इद्रीस म्हणाला. "ही अष्टमी गावच्या काळुरामच्या टॅक्सीची. स्टेशनवर असायचा तो. दिवाळीनंतर खिंडीत ट्रकखाली गेला, ऐकलं असशील."

गुणाजी उठला.

"उजवीवर होता तो. तिचा पाय वाकलेला, मी सरळ केलाय. डावी रिकामी होती. दोन्ही धुतल्यात. पण धुतल्या म्हणून सांगायचं नाय असं होत नाय."

"आन् घरच्यांनी मोटार विकली?"

"म्हातारी नि सून, दोघीच हायत घरात. मला म्हणाल्या, परत आमच्या नजरेस पडू देऊ नका. म्हणून सुटी करून विकतो. तू एवढं कर, अष्टमीतलं माणूस बसवशील तर आधी सांग. त्यांच्या घरातलं असलं तर बसवूच नको."

"आन् नाय सांगितलं तर?"

"मी काय पोलीस हाय?" इद्रीस सीट उचलत म्हणाला. "सांगायचं माझं काम, ते झालं. आता तुझं तुझ्याकडं."

पेणला परत येताना दोन्ही सिटा हौद्यात पालथ्या पडल्या होत्या आणि गुणाजी गोण्यांच्या थरावर बसून विचार करत होता. दिनानाथ सुतकाच्या बाबतीत कडक. ऐन हंगामात लांबचा चुलता गेला तेव्हा त्याने दहा दिवस ब्रशाला हात लावला नव्हता. अशा माणसाला या सिटांची हकीकत कळली तर तो त्यांच्यावर देव बसवील काय? नाही बसवणार. मग कळायला कशाला पाहिजे? शिवाय माणूस गेला उजवीवर. उजवीवर बसणार गुणाजी. देव बसणार डावीवर, आणि डावी कोरी होती. म्हणजे जे वाईट ते आपण घेतलं आणि चांगलं ते देवाला दिलं. असा विचार करता करता वडखळ येईतो गुणाजीला आपण थोडेफार धार्मिकच आहोत असं वाटू लागलं.

राहिलं अष्टमीचं घर. तिथला हिशेब तर सगळ्यांत सोपा होता. काळुराम गेला दिवाळीनंतर. गणपती येतात भाद्रपदात. वर्ष सरलेलं नाही, आणि वर्ष सरल्याशिवाय त्या घरात सण होणार नाही. तेव्हा यंदा त्या घरचं कोणी हमरापूरला येण्याचा प्रश्नच नव्हता. पुढच्या सालचं पुढच्या साली.

वेल्डरने पिकअपच्या तळाला अँगलची चौकट बसवली, कारण मोटारीची सीट आणि पिकअपची भोकं यांचं कुठेच जमत नव्हतं. सिटा दोन बोटं उंच झाल्या. खड्ड्यात गुणाजीचं डोकं टपाला लागायचं, पण कंबर गप्प झाली. वरून त्याने तांबड्या रेक्झिनची कव्हरं शिवून घेतली, अगदी खालच्या लोखंडापर्यंत येणारी. खोट राहिली ती एकच. डावी सीट मागेपुढे सरकवायचा जो लिव्हर दाराच्या बाजूला होता, तो अडकायचा. मागे ढकलली की सीट जागची हलत नसे. गुणाजीने तेल सोडलं, ग्रीस घातलं, शेवटी सिटेखाली एक हातोडा ठेवून दिला. गिऱ्हाइकाला जागा कमी पडली की तो उतरायचा, दार उघडायचा आणि लिव्हरवर दोन ठेवून द्यायचा. कधी सरकायची, कधी नाही.

दिनानाथ येऊन डावीवर बसला, उठला, पॅन्ट चाचपली.

"कुठनं आणल्यास?"

"रोह्याहून."

"नव्या?"

"नव्यासारख्या," गुणाजी म्हणाला. यातलं एकही अक्षर खोटं नव्हतं.

दिनानाथने सिटेला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला आणि शाडूच्या मूर्ती गुणाजीच्या गाडीतून जाऊ लागल्या. पेण, नागोठणे, कोलाड. लोक मांडीवर गणपती घेऊन बसत, उतरताना म्हणत, गाडी बरी हाय हो तुमची. गुणाजी मान डोलवायचा. हंगाम असाच पार पडला तर बाकीचं वर्ष तुझं, असं दिनानाथने बोलून दाखवलं होतं.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी सकाळी कारखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. हौद्यात रोह्याच्या चार प्लास्टरच्या मूर्ती बसवून गुणाजी दोऱ्या आवळत होता, तेवढ्यात दिनानाथने हाक मारली.

"ह्या वयनींना पुढं घे. शाडूचा हाय, सांभाळून. अष्टमी."

दारात एक बाई उभी होती. चाळिशीच्या आतबाहेरची, अंगावर साधी सुती साडी, कपाळ मोकळं. हातात मूर्तीवर घालायचा नवा रुमाल.

"अष्टमीत कोणाकडं?" गुणाजीने दोरी हातातच धरून विचारलं.

"काळुरामच्या घरातली विमलबाई," दिनानाथ हलक्या आवाजात म्हणाला. "घरात आणायला गडी नाय. दीर सुरतेला. वर्षश्राद्ध आधीच उरकून घेतलंन, गणपतीत खंड नको म्हणून."

वर्षश्राद्ध आधी उरकता येतं, हे गुणाजीला काय माहीत नव्हतं? त्याच्या स्वतःच्या बहिणीच्या लग्नासाठी त्याच्या बापाचं असंच उरकलं होतं. सगळा हिशेब केला आणि नेमकं घरचंच विसरला.

अजून वेळ होती. गाडी गरम झालीय म्हणता आलं असतं. पुढे दुसरं गिऱ्हाईक आहे म्हणता आलं असतं. खरंही सांगता आलं असतं, त्याला तर काहीच लागत नाही. पण दिनानाथ मूर्ती हातांत घेऊन उभा होता, आणि त्याच्या मागे ते अख्खं वर्ष उभं होतं. कव्हर नवं आहे, गुणाजीने स्वतःला सांगितलं. वरून काय दिसतंय?

विमलबाई बसली. दिनानाथने मूर्ती तिच्या मांडीवर दिली, तिने रुमाल नीट केला. "मोरया," दिनानाथ म्हणाला, आणि गाडी निघाली.

वडखळपर्यंत ती मूर्तीवरचा रुमाल सावरत होती. मग आपणहून म्हणाली, "मी पहिल्यांदाच आले. दर साली हे आणायचे. मी उंबऱ्यात असायची."

"व्हय काय," गुणाजी म्हणाला.

"लोक म्हणाले, यंदा राहू दे. सासूबाई म्हणाल्या, गो, त्याला काय ठाऊक घरात कोण हाय नि कोण नाय. त्याची येळ झाली की तो येतो. आपण दार उघडायचं."

गुणाजीने गियर बदलला. महामार्ग नेहमीप्रमाणे रुंद व्हायच्या बेतात होता, म्हणजे निम्मा खणलेला. एका खड्ड्यात गाडी आदळली आणि मूर्तीचा पाट पुढच्या डॅशबोर्डाला टेकला.

"थांबा, वयनी, सीट मागं घेतो," म्हणत गुणाजीने ब्रेकवर पाय ठेवला. हातोडा काढायला तो वाकणार, तोच विमलबाईने उजव्या हाताने मूर्ती छातीशी धरली, डावा हात न बघता दाराच्या बाजूने खाली सोडला, लिव्हर उचलला, अंग किंचित पुढे झुकवलं आणि मग मागे रेललं. सीट लोण्यातून सरकावी तशी मागे गेली.

"कसं जमलं हो तुम्हाला?" गुणाजीच्या तोंडून निघून गेलं. दोन आठवडे तो त्या लिव्हरशी भांडत होता.

ती उत्तर देणार होती. तोंड उघडलंही होतं. मग ती तशीच थांबली. तिचा डावा हात अजून खालीच होता. तिने बोटांनी लिव्हर चाचपला, कव्हराची कड वर सारली, आत हात घातला. बराच वेळ हात आतच राहिला.

"सिटा कुठल्या ह्या?" तिने विचारलं.

"पनवेलच्या," गुणाजी म्हणाला. "बाजारातल्या."

"बरं," ती म्हणाली.

नागोठणे मागे पडलं. रोह्याच्या रस्त्याला लागल्यावर दोन्ही बाजूंना पोटरीला आलेलं भात होतं. विमलबाई समोर बघत होती.

"लिव्हर उचलून आधी पुढं व्हायचं असतं," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "मागं ढकललं की अडकतो. मला शिकवताना ह्यांना किती वैताग आला होता. तुम्हाला पनवेलवाल्यानं नाय सांगितलं?"

गुणाजीने गाडी बाजूला घेतली आणि बंद केली. हौद्यातला पेंढा वाऱ्याने सळसळत होता. एक एसटी बाजूने गेली, तिच्या हादऱ्याने पिकअप हलली, तसा विमलबाईचा हात आपोआप मूर्तीच्या पाठीमागे गेला.

"उतरता, वयनी?"

"उतरून ह्याला कुठं ठेवू?"

गुणाजीने रस्त्याकडे पाहिलं, चिखलाकडे पाहिलं. "माझ्याकडं द्या. मी घेऊन बसतो."

"मग गाडी कोण हाकील?"

हिशेब करायला बसलं की गुणाजीला उत्तरं कशी भराभर सुचत. आत्ता एकही सुचेना. मांडीवरचा देव उंबऱ्याशिवाय उतरत नव्हता, आणि तो उतरल्याशिवाय ती उठू शकत नव्हती. वाट एकच होती आणि ती खिंडीतून जात होती.

"चला," विमलबाई म्हणाली.

खिंडीचा चढ लागला. तिने मान न वळवता त्याच्या सिटेवर नजर टाकली. "ती पण त्याच मोटारीची?"

"व्हय." मग काहीतरी बरं बोलावं म्हणून गुणाजी म्हणाला, "इद्रीसभायनं सांगितलं, डावीवर त्या दिवशी कोणी नव्हतं."

"एरवी मी असायची," ती म्हणाली.

गुणाजीने पाठ सिटेपासून सोडवली आणि स्टिअरिंगवर पुढे झुकून गाडी चालवू लागला. आधार सुटला तशी कंबर लगेच बोलायला लागली. तरी तो मागे टेकला नाही.

वळण आलं ते त्याला तिच्याकडे बघून कळलं. तिथे फांदीला कोणीतरी बांधलेली नारंगी चिंधी होती आणि कठड्याचा दगड नवा होता, बस्स. अशा जागेवरून जाताना माणूस हात जोडतो, निदान कपाळाला बोट लावतो. विमलबाईचे दोन्ही हात गणपतीभोवती होते. डोळे पुसायलाही एक हात लागतो, तोही नव्हता. रुमालाखाली देवाचं तोंड झाकलेलं होतं, तिचं उघडं होतं. गाडी पहिल्या गियरमध्ये वळली आणि पलीकडे उतरायला लागली.

अष्टमीच्या अलीकडे ती म्हणाली, "म्हातारीला कळता कामा नये."

"नाय कळणार."

"मोटार दिली त्या दिवशी त्या आतल्या खोलीत बसून होत्या. हॉर्न वाजला तरी बाहेर आल्या नाहीत. आज दारात उभ्या असतील."

होत्याच उभ्या. सासू सीताबाई वाकली होती, पण हातातलं ताट सरळ होतं. गाडी थांबताच गुणाजी धावत जाऊन डावं दार उघडू लागला. विमलबाई मूर्तीसकट उतरली आणि उंबऱ्यापुढे उभी राहिली. सीताबाईने तिच्या पायांवर पाणी घातलं, देवावरून आणि सुनेवरून भाकरतुकडा ओवाळून लांब टाकला, रुमाल बाजूला केला आणि बराच वेळ ते तोंड पाहिलं.

"डोळे गोड काढलेन दिनानाथनं," ती म्हणाली. "तुला तरास नाय ना झाला गो? रस्ता मेला कसला."

"नाय, आई. सीट चांगली होती."

विमलबाई देव घेऊन आत गेली. म्हातारी मात्र उरलेल्या पाण्याचा तांब्या घेऊन गाडीकडे आली. देव आणणाऱ्या गाडीच्या चाकावर पाणी घालायची त्या घरची रीत होती. तिच्या लेकाच्या मोटारीवर तिने किती वर्षं घातलं असेल, ते विचारायची गुणाजीला छाती नव्हती. चाकावर पाणी घालून झाल्यावर तिने उघड्या दारातून हात आत घातला आणि तांबड्या रेक्झिनवर थोपटलं.

"बरी हाय रे बाबा, मऊ हाय. माझी सून कधी कोणत्या गाडीला चांगली म्हणत नाय. आमची मोटार होती ना, तिच्यात बसली की पुढं जागा नाय, मागं जागा नाय, सारखी कुरकुर. माझा काळू म्हणायचा, हिच्यासाठी सीटच बदलतो आता."

गुणाजीने दोरी आवळायचं निमित्त करून पाठ फिरवली. दोरी आधीच आवळलेली होती.

विमलबाई बाहेर आली तेव्हा तिच्या मुठीत नोटा होत्या. सीताबाई ओटीवर टेकली होती, ऐकू जाईल एवढ्या अंतरावर. गुणाजी पुढे झाला आणि दबक्या आवाजात म्हणाला, "नको, वयनी. राहू द्या."

"नको कसं?" तीही तशाच आवाजात म्हणाली. "का घेतलं नाय म्हणून म्हातारी इचारील. काय सांगू?"

त्याने हात पुढे केला. तिने नोटा दिल्या.

"आन् हातोडा मारू नका त्याला," ती म्हणाली. "बसणाऱ्याला शिकवा. उचलायचं, आधी पुढं, मग मागं."

गुणाजी रोह्याला गेला, चारही मूर्ती धडधाकट उतरवल्या. परतीच्या वाटेवर तो पूर्ण टेकून बसला नाही, आणि पुढेही नाही. चतुर्थी झाली, विसर्जन झालं, आणि दिनानाथने बोलल्याप्रमाणे वर्षाचं काम त्याला दिलं. गोण्या, काथ्या, रंगाचे डबे, सगळं. डावीवर जो बसेल त्याला तो लिव्हर शिकवू लागला, न विचारता, इद्रीसने सांगावं तसं, पण निम्मंच, सीट कुठल्या गाडीची ते सोडून. कुठून शिकलात म्हणून एकाने विचारलं तेव्हा तो म्हणाला, "असंच." पुढच्या साली अष्टमीची मूर्ती आणायला सुरतेचा दीर आला आणि रिक्षाने घेऊन गेला.

तेव्हा शेवटचा ताळा असा. जे मिळवायचं म्हणून गुणाजी निघाला होता ते सगळं त्याला मिळालं, एक कंबर सोडून. ती पुन्हा दुखते, कारण माणूस पाठ न टेकता किती दिवस गाडी चालवणार. इद्रीसला त्याची किंमत मिळाली आणि त्याने सांगायचं ते सांगितलं होतं. दिनानाथला काही कळलं नाही, सीताबाईला काही कळलं नाही, म्हणजे त्या दोघांचं काही गेलं नाही. आणि काळुरामच्या सिटेवर बसून काळुरामच्या घरी देव नेला, त्या खेपेचं भाडं विमलबाईने दिलं.